सुईला रबर नसतं

लोणावळ्यात आलेल्या माणसाला रस्ता कुणीही सांगतं, पण धाकट्या वहिनी सांगायच्या तसा कुणाला सांगता येत नाही. गल्ल्यावर बसल्या-बसल्या एका हातानं खोकी पिशवीत भरायच्या आणि दुसरा हात हवेत उचलून बोटानं रस्ता काढायच्या. "पुढं गेलात की पेट्रोलपंप डाव्या हाताला सोडा. वळणावर वडाचं झाड लागेल, तिथं गाडी लावू नका, पोलीस जॅमर लावतात. मग चढ. चढ संपला की हळू, समोर दरीच आहे." बोट असं वळणं घेत जायचं की गिऱ्हाइकाची मान त्या बोटाबरोबर वळायची.

मला तिथं नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. मी विचारलं, "वहिनी, टायगर पॉइंटला तुम्ही कितीदा गेलाय?"

"एकदा. लग्नानंतर सासरचे पाहुणे आले होते, त्यांना दाखवायला. धुकं होतं, काही दिसलं नाही."

"मग एवढं नीट कसं सांगता?"

"परत जाताना चिक्की घ्यायला लोक थांबतातच. त्यांना विचारून ठेवते."

हे त्या हसत म्हणाल्या. मला मात्र हसू आलं नाही.

मी टाकवे बुद्रुकची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, कारण माझ्या आईवडलांनी गुडघाभर चिखलात भात लावून मला ती मिळवून दिलीय, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. बी.कॉम. झाल्यावर पहिली नोकरी लागली ती लोणावळ्यात, खंडाळ्याच्या अंगाला जुन्या हायवेवर असलेल्या एका चिक्कीच्या दुकानात. दुकानाचं नाव इथं लिहीत नाही. ते मालकांचं आडनाव आहे आणि दुकान चालू आहे. खाली दुकान, मागं कारखाना, वर मालकांचं घर आणि घराच्या वर माळा. मी मागच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर बसायची. बिलं, कर, माल कुठं गेला, खोक्यावर वजन आणि तारीख कुठं छापायची, सगळं माझ्याकडं. संध्याकाळ झाली की लोकलनं कामशेत आणि तिथून जीपनं घर. वहिनींना संध्याकाळ होत नव्हती. जिना उतरला की दुकान आणि जिना चढला की घर, एवढंच त्यांचं येणंजाणं.

मालकांना सगळे आबा म्हणायचे. त्यांचा थोरला मुलगा पुण्यात स्थायिक झालेला. धाकटे प्रशांतदादा दुकान बघायचे, आणि त्यांच्या या बायको, सुनंदावहिनी. उंच, शिडशिडीत, चष्मा दोरीनं गळ्यात. अंबाडा घालायच्या आणि त्यात काट्याऐवजी दाभण खोचलेली असायची, गोणी शिवायची असते ती. नवीन माणसाला वाटायचं, बाई घाईत विसरल्या असतील. विसरल्या नव्हत्या. गिऱ्हाईक नसलं की दाभण अंबाड्यातून निघायची आणि जे हाताशी असेल त्यावर चालायची. बटर पेपरवर, तुटक्या झाकणावर, साबणाच्या वडीवर. एकदा नव्या स्टीलच्या ट्रेवर त्यांनी एक शेपूट वर केलेलं कुत्रं ओरखडलं. आबा तो ट्रे हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. रागवावं की काय करावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी म्हणाले, "ह्यो आपला मोत्या का?" आणि ट्रे परत जागेवर ठेवला.

वहिनींचं माहेर देहूरोड. वडील लष्कराच्या डेपोत होते. लोकलनं तासाभराच्या आत घर. पण शनिवार-रविवार म्हणजे धंदा, मे महिना म्हणजे सीझन, पाऊस म्हणजे मोठा सीझन, आणि दिवाळी तर विचारूच नका. शुक्रवारी दुपारपासून गाड्या यायला लागायच्या, आणि शनिवारी दुकानासमोर अशा अडकून पडायच्या की रस्ता ओलांडून मेडिकलमध्ये जायचं म्हणजे बंपरांवरून जायचं. दुकानात पैसे आल्याचं सांगणारा तो बोलका डबा होता, त्याचं अखंड चालू, इतके प्राप्त झाले, तितके प्राप्त झाले. वहिनी म्हणायच्या, "लोकांना सुट्टी लागली की आपल्याला कुलूप लागतं."

पुण्यात त्या चित्रकलेच्या कॉलेजात होत्या. रंगांपेक्षा त्यांचा जीव छपाईत, म्हणजे पत्र्यावर चित्र कोरून त्याचे कागदावर ठसे काढण्यात. शेवटच्या वर्षाला असताना लग्न झालं. परीक्षा दे म्हणून घरात सगळ्यांनी सांगितलं होतं, नाही कुणी म्हटलं नव्हतं. पण परीक्षा मे महिन्यात आली. पुढच्या वर्षीही ती मे महिन्यातच आली. मला त्या "ग्रॅज्युएट" म्हणूनच हाक मारायच्या. "ओ ग्रॅज्युएट, चहा घेता का?" त्यात चेष्टा होती, आणि चेष्टेच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते मला ऐकू यायचं.

मी तिथं असतानाच दुकानाचं लेबल बदलायचं ठरलं. जुन्या खोक्यावर नुसती लाल अक्षरं होती. शेजारच्या दुकानांची खोकी चकचकीत झाली, म्हणून प्रशांतदादांनी पुण्याहून कुणाकडून तरी नवीन चित्र करून आणलं. निळं आभाळ, हिरवी कुरणं आणि मागं पांढरे डोंगर.

आबांनी चष्मा वर केला, खाली केला. "ह्या डोंगरावर चुना कुनी सांडला?"

"आबा, बर्फ आहे तो."

"बर्फ? आन् लोनावळ्यात? गिऱ्हाईक चिक्की घेईल का सोटर घेईल?"

कारखान्यातल्या बायका दारात येऊन हसायला लागल्या. प्रशांतदादा "बघू" म्हणाले. त्यांच्या बोलण्यात हा एकच शब्द पक्का होता. माणूस वाईट नव्हता, बायकोवर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पण काही विचारलं की "बघू", आणि त्यांच्या बघण्याला शेवट नसायचा.

तेव्हा गल्ल्यावरून वहिनी म्हणाल्या, "आबा, लेबल मी करते."

आबा म्हणाले, "करा की. कागद, पेन्सील काय लागंल ते पोरीला सांगा, आनून देईल." पोरगी म्हणजे मी.

"कागद-पेन्सिल नको. माळ्यावरचं जुनं रोलर लागेल. आणि आबा, लेबल तुमच्या पसंतीला उतरलं तर माळ्यावरची ती खोली मला द्या. मंगळवारी गल्ल्यावर दुसरं कुणी बसवा."

मंगळवार म्हणजे आठवड्यातला सगळ्यात मंदीचा वार. आबांना वाटलं, आणखी काहीतरी मागतील. ते थांबले. "एवढंच?"

"एवढंच."

"दिली. पर खोकं लांबनं बघून मानूस म्हनला पायजे, ह्यो आपला मावळ."

तिथून पुढं काही दिवस वहिनींच्या चालण्यात फरक पडला. जिना त्या पळत चढायच्या.

माळ्यावरच्या त्या खोलीत चिक्की लाटायचं जुनं हातरोलर पडून होतं. लोखंडी, दोन जाड रूळ आणि बाजूला चाक. मोटरवरचं नवं मशीन आल्यावर ते वर नेऊन टाकलेलं. खोलीला एक खिडकी होती. आभाळ मोकळं असलं की तिच्यातून नागफणीचा सुळका दिसायचा, फणा काढून बसलेला. वहिनींनी सांगितलं, कॉलेजातली प्रेस म्हणजे तरी दुसरं काय, दोन रूळ आणि एक चाक. त्यांनी रूळ रॉकेलनं पुसले, मग राखेनं. वरच्या रुळाखाली घालायला घोंगडीचा तुकडा कापला. प्लेट म्हणून जुन्या शोकेसचं पारदर्शक प्लास्टिक घेतलं. हातातलं हत्यार म्हणजे ती अंबाड्यातली दाभण, दगडावर घासून टोकदार केलेली.

मी विचारलं, "हे नेमकं काय असतं?"

"सोपं आहे. ऍसिड नाही, काही नाही. सुईनं सरळ ओरखडायचं. ओरखडलं की रेघेच्या कडेला बारीक कीस उभा राहतो. बोट फिरव."

मी फिरवलं. करकरीत लागलं, नुकत्या उगवलेल्या दाढीसारखं.

"ही लव. शाई हिच्यात अडकते. म्हणून ठशात रेघ मऊ येते, मखमलीसारखी. पेननं कितीही काढ, तशी येत नाही. पण रुळाखालून जितक्यांदा जाईल तितकी लव दबत जाते. थोडेसे ठसे चांगले येतात, मग रेघ गुळगुळीत."

"आणि चुकलं तर?"

"सुईला रबर नसतं, ग्रॅज्युएट."

हे वाक्य त्या सगळ्याला लावायच्या. भाजीत मीठ जास्त पडलं तरी तेच, आणि लग्नाबद्दल कुणी काही विचारलं तरी तेच.

चित्रात काय घ्यायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. मागं नागफणी आणि पुढं चिक्की लाटणारे हात. हात हिराबाईमावशींचे. मावशी वरच्या ठाकरवाडीवरून रोज उतरून यायच्या, आणि गरम गूळ ओतला की थंड व्हायच्या आत लाटण्यानं सारखा करायचं काम त्यांचं. वहिनी प्लास्टिकची ती पारदर्शक पट्टी डोळ्यांसमोर उभी धरून पलीकडचे हात बघत दाभण चालवत होत्या. मावशी लाजून लाटणं खाली ठेवायच्या.

"असं बगू नका वं, वहिनी. हात पळत्यात माजं."

"पळू देत. मी पकडते."

"खोक्यावर लावनार व्हय? म्हंजी माजं हात ममईला जानार. आन् म्या हितंच."

"मावशी, माझंही तसंच आहे," वहिनी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

डोंगरासाठी त्यांनी तीच पट्टी माळ्याच्या खिडकीच्या काचेवर टेकवली आणि पलीकडं दिसणारा सुळका होता तसा रेघेनं उतरवला. तेवढ्या एका कामाला त्यांना पुष्कळ दिवस लागले. खिडकीशी चार रेघा ओढल्या की खालून कुणीतरी हाक मारायचं. "वहिनी, शेंगदाणा संपला." "वहिनी, गिऱ्हाईक हिंदी बोलतंय." त्या दाभण अंबाड्यात खोचून खाली यायच्या, गिऱ्हाइकाला रस्ता सांगायच्या आणि परत वर जायच्या. डोंगरावर तोवर धुकं आलेलं असायचं.

सगळ्यात शेवटी खालच्या कोपऱ्यात, गवताच्या काड्यांमध्ये, त्यांनी आपलं नाव कोरलं. अक्षरं उलटी. ठसा निघताना सगळं उलटं होतं, म्हणून प्लेटवर उलटं लिहायचं, ही कॉलेजातली सवय. गवताची काडी कुठं संपते आणि अक्षराचा काना कुठं सुरू होतो ते कळू नये असं ते बसवलेलं. नुसतं सुनंदा.

"आडनाव नाही घालत?" मी विचारलं.

"आडनाव खोक्यावर आहेच की, एवढं मोठं."

पहिला ठसा काढायचा दिवस मंगळवारच होता. गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही सगळ्या माळ्यावर. वहिनींनी प्लेटवर शाई चोळली, तूप गाळायच्या मलमलीच्या तुकड्यानं पुसली, मग तळहातानं हळूहळू पुसली. तळहात काळा झाला. भिजवून टिपलेला कागद प्लेटवर, त्यावर घोंगडी. "मावशी, चाक तुम्ही फिरवा. लाटायचं काम तुमचंच." मावशींनी कासोटा आवळला आणि चाक फिरवलं. रूळ कुरकुरले. कागद पलीकडून बाहेर आला, आणि वहिनींनी तो एका टोकाला धरून सावकाश उचलला.

खोटं कशाला सांगू, मला चित्रातलं काही कळत नाही. पण तो कागद बघायला आम्ही सगळ्या पुढं झुकलो. हात जिवंत होते, बोटांच्या सांध्यांवर काळी मऊ सावली होती, आणि मागं डोंगर पावसाआधी दिसतो तसा दाट.

मग मावशींनी नीट निरखून पाहिलं. "अगं बया! वहिनी, मला डावरी केली की तुमी!"

खरंच, चित्रातलं लाटणं डाव्या हातात होतं. हसून आमची पोटं दुखली. वहिनीही हसल्या. "अहो, ठशात उलटं येतंच." आणि असं म्हणताना त्यांचं हसू मध्येच थांबलं. त्यांनी खिडकीकडं पाहिलं, मग कागदाकडं.

तेवढ्यात आबा धापा टाकत जिना चढून आले. त्यांनी कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हात झ्याक आल्याती," म्हणाले. मग बोट डोंगरावर ठेवलं. "पर ही नागफनी कुनाची? आपली फना हिकडं काढती. ही तिकडं काढून बसलीया."

नाव कोरताना ज्यांनी एकेक अक्षर आठवणीनं उलटं केलं, त्यांना डोंगर उलटा करायचं आठवलं नव्हतं. काचेतून दिसला तसा सरळ उतरवला, आणि ठशात तो फिरला. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला हे सात जन्मात कळलं नसतं. पण मावळातल्या शेंबड्या पोरालाही नागफणीचा फणा कुठल्या अंगाला आहे ते झोपेत सांगता येतं.

"अशी खालनं दिसती," मावशी हळूच म्हणाल्या. "घाटाखालनं. माजी लेक दिलीया तिकडं. तिच्या दारातनं अशीच दिसती."

"म्हणजे बाहेरून," वहिनी म्हणाल्या. त्या कुणाशी बोलत नव्हत्या. "मी आतून काढली, आणि ती बाहेरून दिसते तशी आली."

त्यांना ती चूक वाटेनाशी झाली होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. कागद त्यांनी असा धरला होता की जणू कुणीतरी त्यांना घाटाच्या पलीकडं नेऊन उभं केलंय.

आबांना त्याचं काय? ते म्हणाले, "लोकं हसतील, सूनबाई. घरचा डोंगर ज्याला नीट काढता येत न्हाई, त्याची चिक्की काय नीट असनार? सरळ करून द्या. दिवाळीच्या आत खोकी पायजेत."

दुसरी प्लेट करायला वेळ नव्हता. दिवाळीचा माल सुरू झाला होता आणि त्यांना गल्ल्यावरून उठताच येईना. त्यांनी काढलेल्या ठशांतला सगळ्यात चांगला ठसा मला दिला, आणि मी तो पुठ्ठ्यात घालून चिंचवडच्या छापखान्यात नेला. तो शनिवार होता. छापखान्यातल्या माणसानं ठसा स्कॅन केला. मी डोंगराची अडचण सांगितली तर तो हसला. "मॅडम, एवढंच ना? एक क्लिक." आणि पडद्यावर नागफणी सरळ झाली. मावशींचा उजवा हातही उजवा झाला. त्यावर दुकानाचं नाव, वजन, हिरवा ठिपका हे सगळं तो वेगळं बसवणार होता, ती अडचण नव्हती. पण गवतातलं नाव मात्र आता उलटं झालं होतं.

मी तिथूनच वहिनींना फोन लावला. फोनमध्ये आधी गाड्यांचे हॉर्न आले, मग तो डबा बोलला, प्राप्त झाले, मग वहिनी.

"वहिनी, डोंगर सरळ होतोय. पण मग तुमचं नाव उलटं छापलं जातंय."

"नाव वेगळं नाही निघत?"

"तो म्हणतो गवतात गुंतलंय. काढायला गेलं तर तो कोपराच पांढरा पडेल. पुसू का, असं विचारतोय."

पलीकडं कुणीतरी हिंदीत भुशी डॅम विचारत होतं. वहिनींनी त्याला सावकाश सगळा रस्ता सांगितला, वळणं, पूल, गाडी कुठं लावायची. मी फोन कानाला लावून उभी होते. छापखान्याचा माणूस माझ्याकडं बघत होता.

"ऐक," त्या म्हणाल्या. "डोंगर सरळ असला तरच आबा हो म्हणतील ना?"

"हो."

"आणि आबा हो म्हणाले तरच खोली."

"हो, वहिनी."

"मग उलटं राहू दे. पुसू नकोस."

"कुणाला वाचता येणार नाही."

"प्लेटवर मी तसंच तर लिहिलं होतं. मला येतं वाचता."

खोकी आली. आबांनी एक खोकं टेबलावर ठेवलं, दुकानाच्या पार त्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि तिथून बघितलं. "ह्यो आपला मावळ," म्हणाले. शब्दाला पक्का माणूस. दसऱ्याला त्यांनी नारळ फोडून माळ्याच्या खोलीची किल्ली स्वतः वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी खोली सारवल्यासारखी पुसून घेतली, दोरी बांधली, ठसे वाळवायला चिमटे आणले. एका मंगळवारी त्या सकाळपासून वर होत्या. दुपारी मी चहा घेऊन गेले तर खिडकीपाशी नुसत्या बसलेल्या. "काही काढत नाही?" "आज नुसतं बसून बघते. कुणी हाक मारत नाही, याची सवय करून घेते."

असा तो मंगळवार एकच झाला.

नवं खोकं लोकांना आवडलं. माणसं ते हातात घेऊन चित्रावर बोट फिरवायची. भेट द्यायला म्हणून जास्तीची न्यायची. मंगळवार मंदीचा राहिला नाही. आणि मागणी वाढली तशी छापलेल्या खोक्यांचे गठ्ठे टेंपो भरून यायला लागले. कारखान्यात वाफ, गोदामात ओल. पुठ्ठा भिजला तर माल वाया. कोरडी जागा घरात एकच.

"थोडे दिवस," आबा म्हणाले. त्यांनाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं, कारण ते वहिनींकडं न बघता बोलले. "तुमचंच लेबल हाय, सूनबाई. तुमच्याच खोलीत ऱ्हाईल."

प्रशांतदादा म्हणाले, "दुसरी जागा बघू."

गठ्ठे चढले. आधी भिंतीला, मग रोलरवर, मग दोरीच्या उंचीपर्यंत. काही दिवसांनी मी खोकी मोजायला वर गेले तर खोलीत अंधार. खिडकीसमोर छतापर्यंत गठ्ठे लागले होते. त्या खिडकीतून जी नागफणी दिसायची, ती आता प्रत्येक गठ्ठ्याच्या प्रत्येक खोक्यावर होती आणि खिडकी मात्र कुठं आहे ते चाचपून बघावं लागत होतं. किल्ली वहिनींकडंच राहिली. खोकी काढून द्यायला कुणीतरी लागायचंच.

मला राग आला. राग आला की मी बोलते, शिकले ते त्याच्यासाठीच. म्हटलं, "वहिनी, तुम्ही भांडत का नाही? शब्द दिला होता त्यांनी."

त्या गल्ल्यावर सुटी चिक्की तोलत होत्या. काट्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "शब्द पाळला की त्यांनी. खोली माझीच आहे." मग तोललेली पुडी बांधत, "भांडायला धार लागते गं. इतक्यांदा रुळाखालून गेले, लव गेली माझी."

गिऱ्हाईक आलं. त्यांनी हात हवेत उचलला. "पुढं गेलात की पेट्रोलपंप डाव्या हाताला सोडा..."

पुढं मला चाकणच्या एका कारखान्यात हिशेब विभागात नोकरी लागली. निरोप घेताना वहिनींनी मला एक ठसा दिला, शेवटच्या ठशांपैकी, लव गेलेला. रेघा फिक्या, बारीक. डोंगर उलटा, नाव सरळ. तो माझ्या घरी, टाकव्यात, माझ्या पदवीच्या कागदाशेजारी लावलाय. आई येणाऱ्याला आधी तो दाखवते. "ही नागफनी घाटाखालनं दिसती तशी हाय," असं सांगते, कुणी विचारो न विचारो.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी खोपोलीहून लग्न उरकून एसटीनं येत होते. घाट चढून गाडी लोणावळ्यात शिरली आणि थांबली. पुढं मागं नुसत्या गाड्या. थांबली ती नेमकी दुकानाच्या अलीकडं. अर्धा तास झाला तरी हलेना, म्हणून कंडक्टरला सांगून उतरले आणि दुकानात गेले.

वहिनी गल्ल्यावर. अंबाड्यात पांढरे केस आले होते. दाभण होती. मला बघून म्हणाल्या, "या ग्रॅज्युएट. तुम्हीपण अडकलात का?" बोलायला उसंत नव्हती. माणसांची ही गर्दी, आणि डबा बोलतोय. आबा थकले होते, मागं खुर्चीत बसून होते. हिराबाईमावशी लेकीकडं गेल्या होत्या, घाटाखाली, कायमच्या.

"माळा?" मी विचारलं.

"कोरडा आहे अजून," त्या म्हणाल्या.

मी जायला वळले तेव्हा त्यांनी मला हनुवटीनं खूण केली, समोर बघ. गल्ल्यासमोरच्या भिंतीवर, फरसाणाच्या फळ्यांमागं, पहिल्यापासून एक लांब आरसा होता. मिठाईच्या दुकानांत असतो तसा, माल दुप्पट दिसावा म्हणून. वहिनींनी गल्ल्यावर खोक्यांची एक रांग उभी केली होती, तोंडं आरशाकडं करून. मी आरशात पाहिलं. त्यात नागफणी उलटी होती, घाटाखालून दिसते तशी. लाटणं डाव्या हातात. दुकानाचं आडनाव उलटंपालटं, वाचताच येत नव्हतं. आणि खालच्या कोपऱ्यात गवतातून सरळ, स्वच्छ अक्षरं, सुनंदा.

"इथनंच दिसतं," त्या म्हणाल्या. "या खुर्चीवरनं."

बाहेरून कंडक्टर ओरडला, "ओ ताई, गाडी हलली!"

मी पळत जाऊन चढले. खिडकीतून वळून पाहिलं. कुणीतरी रस्ता विचारत होतं. वहिनींचा हात हवेत होता, बोट वळणं घेत चढ चढत होतं, गिऱ्हाइकाची मान त्याच्याबरोबर वळत होती. त्या मात्र त्याच्याकडं बघत नव्हत्या. त्याच्या डोक्यावरून पलीकडं, आरशात बघत त्या सांगत होत्या. आमची गाडी थोडी पुढं सरकली आणि पुन्हा थांबली.